लवूच्या वाट्याचा गाळा

बोरिवली सोडून हायवे दहिसरकडे निघाला की खाडीचा एक फाटा आडवा येतो. त्यावर कोळंबपाड्याचा पूल. वरून ट्रक जायला लागले की पुलाखाली बसलेल्या माणसाच्या दातांपर्यंत हादरा पोचायचा. पण विनीच्या तान्ह्या रीटाला त्या हादऱ्यांशिवाय झोप लागत नसे. दुसऱ्या नि तिसऱ्या खांबाच्या मधे जुना लोखंडी पाइप आडवा टाकलेला होता. त्याला विनीनं आपल्या लग्नातल्या लुगड्याची झोळी बांधली होती. वरून मालाचा ट्रक गेला की झोळी आपोआप हलायची.

"बघ, सरकार पाळणा हलवतंय," मालन हसून म्हणायची.

मे महिना होता. पावसाच्या आधी पूल साफ करायचा, हे हायवेच्या गँगचं दरवर्षीचं काम. कठड्याकडेच्या पाणी जायच्या नळ्यांत वर्षभराचा गाळ, काचा, मेलेले उंदीर असं सगळं बसलेलं असायचं. बायांनी ते सळीनं कोरून काढायचं आणि घमेल्यातून खाली न्यायचं. पुरुषांनी दोरांचा झुला कठड्यावरून खाली सोडायचा, त्यावर उतरून खांब घासायचे, हातोडी मारून प्लास्टर पोकळ वाजतंय का ऐकायचं, भेगांत उगवलेली झाडं मुळासकट काढायची. मग पाऊस सरला की मोठे साहेब पाहणीला यायचे.

दोन खांबांमधला एक गाळा, असे पुलाचे गाळे पाच. मुकादम अण्णा मूठ पुढे करायचा, मुठीत आगपेटीच्या लहानमोठ्या काड्या. ज्याला जशी काडी येईल तसा गाळा. आणि एकदा आला की वर्षभर तो त्याचाच. तिथं काही झडलं, पडलं, कुणी विचारायला आलं, तर जबाब त्यानं द्यायचा. अण्णानं हा नियम कुठून आणला कुणास ठाऊक, पण गँगमधे तो मोडत नसत.

त्या वर्षी तिसरा गाळा लवूच्या वाट्याला आला.

लवूनं काडी बघितली आणि टाकून दिली. तिसऱ्या गाळ्याच्या खांबावर, वरची तुळई जिथं टेकते त्या फटीत, पिंपळ होता. मागच्या वर्षी बोटाएवढा होता, आता मनगटाएवढा झाला होता. त्याच्या खाली, खांबाच्या चौथऱ्यावर टेम्पोवाल्यांनी एक धोंडा ठेवला होता. धोंड्याला शेंदूर लागला होता, वर हार पडत होते.

"अण्णा, ह्यो गाळो बदल ना," लवू म्हणाला.

"का रे? गिरणीत साचा बदलून मागायचास काय?"

सगळे हसले. लवू गिरणीत साच्यावर कापड विणायचा, संपात सुटलेला. गँगमधे येऊन त्याला तीन पावसाळे झाले होते, तरी अण्णा त्याला गिरणीवाला म्हणूनच चिडवायचा. लवू हसला नाही. त्यानं नळीतला गाळ उपसणाऱ्या आपल्या बायकोकडे, मालनकडे पाहिलं. तिला चौथा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती. एक गावाला गेलं, एक इथं, याच पुलाच्या पत्र्याच्या खोलीत.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मालन विनीजवळ येऊन बसली. विनीनं रीटाला पदराखाली घेतलं होतं.

"विनी, तुका एक सांगू? अर्बनभाऊक सांग ना गो."

"काय सांगू?"

"तो पिंपळ त्येंनी काढूंदे. ह्येंच्या हातान नको. आमच्यात पोटुशी बायल घरात असताना पिंपळाक कोयतो लावत नाय. तुमका काय ता लागणा नाय. तुमचो देव वेगळो."

विनीला यात नवं काहीच वाटलं नाही. कोळंबपाड्यातली ख्रिस्ती माणसं पिढ्यान्पिढ्या आजूबाजूच्यांचे पिंपळ तोडून देत आली होती. कुणाच्या विहिरीत उगवला, कुणाच्या भिंतीत उगवला, की बोलावणं यायचं. विनीचा नवरा अर्बन, त्याचा बापही जायचा. त्याबद्दल कुणी माडी पाजायचं, कुणी नुसतंच "बरं झालं बाबा" म्हणायचं. याच हायवेखाली अर्बनच्या बापाचं भातशेत गेलं होतं, आणि आता अर्बन त्याच हायवेवर रोजंदारीला होता. त्याचंही त्यानं कधी वाईट मानलं नव्हतं. पिंपळाचं काय घेऊन बसायचं!

आणि मालननं मागितलं होतं. रीटा महिन्याची असताना विनीला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा मालननं रीटाला छातीशी धरलं होतं. तिचं दुसरं जाऊन थोडेच दिवस झाले होते, दूध अजून येत होतं. ती रडत रडत पाजायची नि म्हणायची, "पी गो बाय, कुणाचातरी होवंदे."

"सांगते," विनी म्हणाली. "त्यात काय एवढं!"

रात्री जेवताना तिनं अर्बनला सांगितलं. तो बोंबलाचा काटा काढत होता.

"गाळा लवूचा. अण्णा काय म्हणेल?"

"आपसात करा. अण्णाला कशाला कळायला हवं? मालनसाठी, अर्बन."

"त्या धोंड्याचं काय पण? टेम्पोवाल्यांना आधी सांगायला लागतं. त्यांना देव उचलू दे, मग मी झाड काढतो. चंद्रप्रकाश साहेबांनी तसंच सांगितलंय."

"ते लवूभाऊ सांगतील ना. ते काय एवढं करणार नाहीत?"

अर्बननं मान हलवली. एवढंच ठरलं.

दोन दिवसांनी सकाळी लवू स्वतःहून आला. अंघोळ केलेला होता, कपाळाला गंध.

"मी सांगलंय त्या बाळाक नि सगळ्यांका," तो म्हणाला. "देव उचलतले म्हणतत. तू सुरू कर. मी दोर धरतंय."

बाळा म्हणजे टेम्पोवाल्यांचा पुढारी. अर्बननं पुन्हा विचारलं नाही. लवू दोर धरणार म्हणाला, आणि झुल्यावर उतरणारा माणूस दोर धरणाऱ्यावरच सगळं टाकून उतरतो.

विनी खालून बघत होती. ऊन डोळ्यांत जात होतं. अर्बन झुल्यावर मांडी घालून बसला, कोयता पाठीला खोचलेला. फांद्या सपासप उतरवल्या. पण मूळ फटीत लांबवर गेलं होतं. छिन्नीनं दगडाच्या सांध्यातलं चुनखडीचं भरण उकरून त्यानं ते मोकळं केलं, मग दोन्ही पाय खांबाला टेकवून, दात खाऊन ओढलं. त्याच्या पाठीच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. मूळ एकदम सुटलं. बुंधा खाली कोसळला तो थेट चौथऱ्यावर. हार, धोंडा, उदबत्त्यांचा डबा सगळं घसरत जाऊन खाडीच्या चिखलात रुतलं.

"लवू!" अर्बन ओरडला. "देव उचलला नव्हता?"

वरून लवूचा आवाज आला, "इसरले आसतीत रे. तू भोक भरून घे."

अर्बननं भोक सिमेंटनं भरलं, थापी फिरवून गुळगुळीत केलं. मग चिखलात गुडघाभर उतरून धोंडा शोधला, हातांनी धुतला आणि परत चौथऱ्यावर ठेवला. शेंदूर बराचसा गेला होता. तिथं उभा राहून त्याला काय करावं सुचेना. शेवटी त्यानं छातीवर क्रूस केला आणि वर आला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. विनीही हसली.

तिसऱ्या दिवशी टेम्पोवाले आले. हायवेवर एका रांगेत टेम्पो उभे करून त्यांनी एक बाजू बंद केली. हॉर्न, शिव्या, मागं थेट नाक्यापर्यंत गाड्या. बाळा अंगानं लहान, पण आवाज मोठा.

"कोणाला विचारून देव चिखलात टाकला? एक माणूस सांगायला आला नाय आमाला! एक!"

विनीनं घमेलं खाली ठेवलं. तिला वाटलं, आता लवूभाऊ पुढं होईल आणि म्हणेल, अरे, मी सांगितलं होतं ना तुला. लवू डांबराच्या पिंपामागं उभा होता.

चंद्रप्रकाश साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, घाम रुमालानं पुसत होते. "मी स्पष्ट सांगितलं होतं, आधी कळवा, मग तोडा. गाळा कोणाचा, अण्णा?"

अण्णानं दोघांकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, सगळ्या गँगला माहीत होतं. "साहेब, ते त्यांनाच विचारा," तो म्हणाला. "आपसात काय केलं असेल ते."

लवू अर्बनच्या जवळ सरकला. विनी हाताच्या अंतरावर होती, तिला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"अर्बन, तू घे रे अंगावर. तुका म्हायत नव्हता म्हणान सोडतीत. ख्रिस्ताव माणूस, तुका कोण काय म्हणतलो? मी म्हटलंय तर माका हंय ऱ्हवूक देवचे नाय. दोन दिवस. मागसून मी साहेबाक एकट्याक गाठून खरा काय ता सांगतंय. मालनची शपथ."

अर्बननं विनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही. पण नकारही दिला नाही. नंतर पुष्कळदा तिला वाटलं, तेव्हा खोकला जरी आला असता तरी तो थांबला असता.

"गाळा मी घेतला होता साहेब," अर्बन म्हणाला. "सांगायचं राहून गेलं."

त्याला सोडलं मात्र नाही. बाळानं त्याला सगळ्यांसमोर धोंड्यापुढं नाक घासायला लावलं. अर्बननं घासलं. उठला तेव्हा नाकावर शेंदूर होता, नि कुणीतरी शिटी मारली. साहेब दुसरीकडं बघत राहिले. टेम्पो हलले, रस्ता वाहता झाला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "अर्बन, तुला आता कामावर ठेवलं तर उद्या हे परत येतील. पाऊस सरला की मोठे साहेब पाहणीला येतात. तेव्हा गाळेवाले पुढं उभे राहतात. त्या वेळी काही वेगळं कळलं तर बघू. नाहीतर हजेरीपटावरून नाव गेलंच समज."

घरी येऊन अर्बननं तोंड धुतलं. धुतच राहिला. विनीनं तांब्या काढून घेतला.

"लवूभाऊ सांगतील," ती म्हणाली.

"सांगेल ना," अर्बन म्हणाला. "शपथ घेतलीय."

लवू दोन दिवसांत बोलला नाही. आठवडा गेला. विनी कामाला जात होती, बायांचं काम अजून चालू होतं. लवू समोरून आला की नळीत सळी घालून वाकायचा. मालन डबा घेऊन लांबच्या खांबाखाली बसायला लागली. विनीनं दोनदा तिच्यासाठी सुकटीची चटणी नेली, दोन्ही वेळा मालन म्हणाली, "पोटात मळमळता गो." विनीला वाटलं, लाज वाटत असेल. लाजलेल्या माणसाला वेळ द्यावा.

पाऊस लागला आणि बायांचं काम बंद झालं. अर्बन दगडाच्या खाणीवर ट्रक भरायला जाऊ लागला. ओला दगड जड. तळहाताची सालं निघाली, मग त्या जागी घट्टे आले. पुलाच्या कामात त्याला उंचावर बसायचं सुख होतं. खालून माणसं वर बघायची, वारा लागायचा. खाणीत तो वाकूनच असायचा. घरी आला की म्हणायचा, "पाठीवर पाय दे गं जरा." विनी भिंतीला धरून त्याच्या पाठीवर उभी राहायची, रीटा टाळ्या वाजवायची. तो कण्हायचा आणि कण्हण्यातच विचारायचा, "लवू दिसला?"

"दिसला."

"काय म्हणाला?"

"घाईत होता."

ऑगस्टात रीटा आजारी पडली. आधी जुलाब, मग उलट्या, मग ताप. डोळे आत गेले, टाळू खोलगट झाली, रडायला लागली तर नुसतं तोंड उघडायचं, आवाज नाही. विनी तिला भर पावसात पोत्याच्या खोळीखाली घेऊन म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात गेली. नर्सनं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला शिकवलं. चमचा, मग थांबायचं, मग चमचा. विनी रात्रंदिवस तेच करत बसली. हाताला चमच्याची सवय लागली, झोपेतही बोटं तशीच दुमडलेली राहायची.

शेजारपाजारच्या आल्या. पत्र्याच्या खोल्यांतली सुलक्षणा आली, लिंबू घेऊन आली. पुरुषांत अण्णासुद्धा दारातून डोकावून गेला. मालन आली नाही. जिनं त्या पोरीला पाजलं होतं, ती पुलाच्या त्या टोकाला राहत होती आणि आली नाही.

"तिला सातवा लागलाय," अर्बन म्हणाला. "आजाऱ्याकडं कशी येईल?"

विनीनं ते मान्य केलं. मान्य करणं सोपं होतं, हातात चमचा होता.

रीटा उठली. गणपती विसर्जनाला गेले तेव्हा ती धरून धरून चालायला लागली होती, आणि ऊन पडायला लागलं तशी भातावर तुटून पडायला लागली. गाल भरले. आणि मग एका संध्याकाळी सुलक्षणा सांगत आली, उद्या सकाळी मोठे साहेब पुलाच्या पाहणीला येतायत. लवूनं तिसऱ्या गाळ्याखाली चुना मारलाय. मालन घरी एकटीच आहे.

अर्बन खाणीवरून आला नव्हता. विनीनं रीटाच्या केसांना तेल लावलं, नवा फ्रॉक घातला आणि तिला कडेवर घेऊन निघाली. भांडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. मालन काही दगड नाही. रीटाला बघितलं की ती विरघळेल, आणि रात्री नवऱ्याला सांगेल, उद्या बोला म्हणून. एका वाक्याचं काम होतं.

मालन खोलीत उंबऱ्याकडं पाठ करून तांदूळ निवडत होती. पोट एवढं मोठं की सूप मांडीवर बसत नव्हतं.

"मालन."

ती मान खाली घालूनच वळली. सूप घट्ट धरून ठेवलं.

"उद्या साहेब येतात," विनी म्हणाली. "लवूभाऊंना म्हणावं, एवढंच सांगा, गाळा माझा होता, सांगायचं काम माझं होतं. तुझ्या शपथेवर म्हणाले होते. अर्बनची पाठ गेली गं खाणीत. मी कधी काय मागितलंय तुझ्याकडं?"

"नाय जमाचा," मालन म्हणाली.

"का? नोकरी जाईल? नाही जाणार. साहेबानंच सांगितलंय, कळलं तर बघू."

"नोकरेचा नाय ता."

"मग?"

मालन तांदळाकडं बघत बोलायला लागली, आवाज अगदी बारीक.

"त्या दिवशी फाटफटी, झाड तोडूच्या आदी, ह्येंनी झाडाक नारळ ठेवल्यानी. गाऱ्हाणा घातल्यानी. न घालता तोडूचा कसा? गाऱ्हाण्यात नाव घेवचा लागता."

"कुणाचं नाव?"

मालन सुपातला एक खडा शोधत राहिली.

"कुणाचं नाव घेतलं, मालन?"

"'बा महाराजा, ह्यो तुझो पिंपळ अर्बन तोडता हा. काय तुझो राग आसात तो त्येच्या घरार काढ. माझ्या घरची राखण कर.' असा."

बाहेरून ट्रक गेला. पत्रा थरथरला. विनीला सगळं एकदम कळलं असं नाही, एकेक करून कळत गेलं. बाळाला सांगायला लवू का गेला नव्हता: तिथं त्यालाच नारळ हातात घेऊन सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं, आपल्या नावानं. माणसांना सांगितलं नाही, पण झाडाला सांगून ठेवलं. आणि आता साहेबासमोर तो 'गाळा माझा' म्हणणार कसा? तसं म्हटलं की झाडाला सांगितलेलं खोटं पडलं.

"तू म्हणाली होतीस, तुमाला लागत नाय," विनी म्हणाली. "तुमचा देव वेगळा."

"म्हटलंय."

"लागतं असं वाटत होतं तुला. तरी म्हणालीस."

मालननं सूप पुन्हा जवळ ओढलं.

विनीनं कोळंबपाड्यात जन्म काढला होता. मालवणी माणसांची गाऱ्हाणी तिनं कितीदा ऐकली होती. एकजण सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्यावर बरोबरच्यानं होकार द्यायचा असतो. होकार दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. तिला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच.

"व्हय महाराजा कोण म्हणालं?"

मालनच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ जमिनीवर सांडले.

"माझी दोन गेली होती विनी," ती म्हणाली. "माका ह्या एक व्हया होता."

आत्तापर्यंत तिनं वर बघितलं नव्हतं. आता बघितलं. दिव्याच्या उजेडात रीटा आईच्या कडेवरून वाकून सांडलेल्या तांदळांकडं बोट दाखवत होती, दोन्ही गाल भरलेले, पाय झाडत होती, खाली उतरायला धडपडत होती. मालन तिच्याकडं बघतच राहिली. दोन महिन्यांमागं ही पोर जाते की राहते अशी होती, हे तिनं ऐकलं असणारच. विनी त्या तोंडावर काहीतरी शोधत होती. सुटका, निदान एक उसासा. आपण पाजलेलं लेकरू जगलं, एवढं तरी.

मालनचा चेहरा पांढरा पडला. अर्बनच्या घरावर मागितलेला राग तिथं निघालाच नव्हता, मग तो आता कुणाच्या घरावर निघणार? तिनं पदर ओढला, दोन्ही हात पोटावर घट्ट दाबले, आणि बसल्या जागेवरून, रीटावरची नजर न काढता, भिंतीपर्यंत मागं सरकत गेली.